बिनजिल्ह्याचा बोर्ड

मुंबईला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा एका बाईंनी त्यांना विचारलं, "तुमच्यावर प्रभाव कोणाचा आहे?" बाईंच्या हातात पेन होतं आणि एखाद्या परदेशी चित्रकाराचं नाव येणार म्हणून त्या ते उघडून तयार होत्या. मास्तर छताकडे बघत म्हणाले, "एका गळक्या टँकरचा."

बाई हसल्या. आजूबाजूचे लोकही हसले. मी शेजारीच उभा होतो. मी हसलो नाही, कारण तो टँकर मी पाहिलेला होता. आमच्याच गल्लीत यायचा.

मास्तर लातूरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते त्यांना आवडणार नाही. "नाव लिहिलं की लोक वाचतेत, आणि वाचाय लागले की बघायचं सोडतेत," असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांनी आमच्याकडे इतक्या वेळा म्हटलं की शेवटी माझी बायको त्यांच्या आधीच ते पूर्ण करायची. मला ते मुन्शी म्हणायचे. मी कारकून होतो, त्यामुळे हे नाव मला फारसं लागलं नाही. माझ्यापेक्षा ते पंधराएक वर्षांनी मोठे होते, एकटेच होते, आणि त्यांच्या दाढीत नेहमी कुठला ना कुठला रंग असायचा. आज कोणता रंग चालू आहे हे आम्हाला त्यावरून कळायचं.

तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले, गुलाल उधळला, आणि नंतर पावसानं तोंड फिरवलं. म्हणजे नव्या जिल्ह्याची नवी कार्यालयं मांडून होतात न होतात तोच टँकरच्या फेऱ्या लावण्याचं काम सुरू झालं.

आमच्या गल्लीत येणाऱ्या टँकरचा मागचा कॉक गळका होता. तो गेला की डांबरी रस्त्यावर एक काळी ओली रेघ उठायची. वळणावर ती वाकायची, खड्ड्यापाशी जाड व्हायची, गाडीनं ब्रेक मारला तिथे तिचं डबकं व्हायचं. गल्लीतली सगळी माणसं बादल्या घेऊन टँकरकडे पळायची, तेव्हा मास्तर सायकल काढून त्या रेघेमागे निघायचे. पार नांदेड नाक्यापर्यंत जायचे. परत यायचे तेव्हा ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि बायको भांडायला तयार असायची.

"अवो मास्तर, लोक बादली घेऊन पळतेत, तुम्ही रिकाम्या हातानं कामून पळता?"

"वहिनी, रस्ता ती रेघ पिऊन टाकतो. त्याच्या आधी बघावी लागती."

"म्हणजे तुमच्या वाटणीचं पाणी मीच भरायचं म्हणा की!"

"तेवढं भरा," ते म्हणायचे, आणि ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणायचे की ती भरायची.

जेवतानाही तेच. भाकरी हातात घेतली की आधी ती उलटसुलट करून बघायची. तव्यावर कुठे भाजली, कुठे पांढरी राहिली, कुठे पापुद्रा सुटला. कालवण गार व्हायचं. "खावा आधी, मग बघा," असं बायको म्हणायची. ते म्हणायचे, "खाल्ल्यावर कसं बघू?"

एका दिवाळीच्या आधी आमच्यात खरं भांडण झालं. पुढच्या खोलीच्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूंचं कॅलेंडर बरीच वर्षं एकाच खिळ्याला लटकत होतं. ते काढलं तेव्हा मागे उजळ चौकोन उरला. बाकी भिंत धुरानं काळवंडलेली आणि मधेच तो चौकोन. मी चुना भिजत घातला. मास्तर दारात आडवे उभे राहिले.

"त्याला हात लावू नका, मुन्शी."

"मास्तर, दिवाळीला चार लोक घरी येतेत," बायको आतून म्हणाली. "डाग दाखवू का त्यांना?"

"डाग न्हाई वहिनी. ते कॅलेंडरनं काढलेलं चित्र हाय. आपल्याच्यानं असं न्हाई जमत. किती वर्षं लागलेत त्याला!"

शेवटी तडजोड झाली. तीन भिंतींना चुना दिला, चौथी सोडली. दिवाळीला आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "ही भिंत राहिली वाटतं?" आणि बायको मान खाली घालून फराळाचं ताट पुढे करायची. पुढे पुढे ती म्हणायला लागली, "राहिली न्हाई, ठेवलीय." मला वाटतं, चित्रकलेच्या बाबतीत ती माझ्या आधी तयार झाली.

मास्तर मूळचे कंधारचे. बौद्ध घरातले. वडील रस्त्याच्या कामावर मजूर होते. गल्लीतल्या विहाराची भिंत दरवर्षी जयंतीच्या आधी निळी करायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडे होतं. जुन्या निळ्यावर नवा निळा. "दरसाली वाटायचं, औंदा तरी कालचा निळा झाकल," ते सांगायचे. "पण तो खालून बघतच राहायचा." मुंबईच्या त्या बाईंना त्यांनी हे सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण त्या दिवशी त्यांना टँकर आठवला.

मास्तर ही पदवी त्यांना किनवटकडच्या एका निवासी शाळेत मिळाली. तिथे ते चित्रकला शिकवायचे. नोकरी सरकारी नसली तरी पगार नियमित होता. ती त्यांनी सोडली. का सोडली हे मी त्यांना दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "लई हिरवं होतं." जंगल चहूबाजूंनी खोलीत शिरल्यासारखं वाटायचं, नजरेला टेकायला जागा नव्हती, असं त्यांचं म्हणणं. पण शाळेतून निघण्याचं दुसरंही एक कारण असावं. त्यांनी परीक्षेला मुलांना विषय दिला होता, 'रिकामी जागा'. एका पोरानं कागदाच्या कोपऱ्यात बारकं झोपलेलं कुत्रं काढलं होतं आणि बाकी कागद कोरा. एकीनं नुसती दाराची चौकट काढली. मास्तरांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. तपासनीस आले, त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा बघून विचारलं, "परीक्षा झाली की व्हायची आहे?" मास्तर म्हणाले, "झाली की. लई चांगली झाली." हे मी पाहिलेलं नाही, त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

चित्रं ते रोज काढायचे आणि पोट पाट्या रंगवून भरायचे. दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचं नाव, पिठाच्या गिरणीवरची वेळ. नवा जिल्हा झाल्यावर या धंद्याला बरकत आली. प्रत्येक गावच्या बोर्डावर खाली 'जि. उस्मानाबाद' होतं, तिथे 'जि. लातूर' करायचं होतं. अहमदपूरकडच्या गावांचं काम मास्तरांना मिळालं आणि ते झालं की नाही हे बघायचं काम आमच्या कार्यालयात माझ्याकडे आलं.

काम सोपं होतं. पॉलिश पेपरनं जुनी अक्षरं घासायची, त्यावर पिवळ्या रंगाचा हात मारायचा, वाळला की काळ्यानं 'लातूर' लिहायचं. 'उस्मानाबाद'ला पाच अक्षरांची जागा लागते, 'लातूर'ला तीन. म्हणजे दोन अक्षरांची जागा दर बोर्डावर मोकळी उरायची. मला ती खटकायची. मास्तरांना तीच आवडायची. त्याहूनही त्यांना आवडायचं ते आधीचं, म्हणजे जुनं नाव झाकलंय आणि नवं लिहिलेलं नाही तेव्हाचं. जुन्या पिवळ्यावर नव्या पिवळ्याचा एक आडवा पट्टा. तो पट्टा ते मारायचे, आणि मग लिहायचेच नाहीत. बघत बसायचे. आठ आठ दिवस गाव बिनजिल्ह्याचं राहायचं.

तक्रारी माझ्याकडे यायच्या. एका गावचे पोलीस पाटील थेट कार्यालयात आले. "साहेब, आधी उस्मानाबाद होतं ते तुमच्या माणसानं काढून घेतलं. आता लातूर द्या तरी, न्हाई तर आमचं जुनं परत द्या."

मी घरी आलो आणि मास्तरांना म्हणालो, "लिहून टाका ना आता."

"वाळू द्या की."

"ऑइलपेंट आठ दिवस वाळतो होय?"

"तो वाळलाय. माझं बघून व्हायचंय."

तरी एकेक करून सगळे बोर्ड झाले. एकच राहिला. अहमदपूर तालुक्यातलं ते शेवटचं गाव. गाव संपलं की ओढा, आणि ओढ्यापलीकडे कंधार तालुका, म्हणजे नांदेड जिल्हा. बोर्ड ओढ्याच्याच काठावर होता. पलीकडून येणाऱ्याला आपला जिल्हा कुठे सुरू होतो ते कळावं म्हणून. मास्तर तिथे पट्टा मारून आले आणि महिना झाला तरी परत गेले नाहीत.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. नांदेडला एका शाळेच्या हॉलमध्ये मास्तरांची चित्रं लावली होती. बघायला येणाऱ्यांत बहुतेक लोक उन्हातून सावलीत आलेले असायचे. त्यांच्यातच मुंबईच्या एका चित्रदालनाचे गृहस्थ निघाले. कुणाच्या तरी लग्नाला आलेले. ते म्हणाले, पावसाळ्याच्या आधी आम्ही काही नव्या चित्रकारांचं प्रदर्शन करतोय, तुमचं एक चित्र द्या. एकच, पण असं द्या की त्याच्या शेजारी दुसरं काही लावावंसं वाटू नये.

मास्तर तेव्हा पन्नाशीला आले होते. नवे चित्रकार म्हणून त्यांना कोणी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. मुंबई-पुण्याला त्यांनी पूर्वी पाठवलेली चित्रं परत आली होती. एकदा तर मी बांधून दिलेली सुतळीची गाठ सोडलेलीसुद्धा नव्हती, माझी गाठ मला ओळखू येते. तेव्हा ही संधी गेली तर दुसरी येईल असं आम्हा कुणालाच वाटत नव्हतं. मास्तर दिवसभर खोलीत चित्रं करायला लागले. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. टँकरमागे जायचंही बंद झालं.

एका सकाळी मी दाढी करत होतो, तर ते मागे येऊन उभे राहिले.

"मुन्शी, चित्र झालंय."

"वा! कुठंय?"

"महिन्यापूर्वीच झालंय. फक्त ते तुमच्या खात्याच्या खांबाला टांगलंय."

मला समजायला थोडा वेळ लागला. ओढ्याकाठचा तो बोर्ड त्यांना हवा होता. मी विचार केला. माझ्याही डोक्यावर एक गोष्ट होती: टंचाईची कामं बघायला आमच्या साहेबांचा दौरा त्याच गावी ठरला होता आणि बोर्डावर जिल्हा नव्हता. जुन्या पत्र्याच्या बदल्यात त्याच मापाचा नवा पत्रा, त्यावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं, असं केलं तर कार्यालयाचं नुकसान शून्य. मी रीतसर विचारून परवानगी घेतली. मास्तरांनी नवा बोर्ड एका दिवसात लिहिला. आयुष्यात त्यांनी इतक्या लवकर काही लिहिलं असेल असं वाटत नाही. बोर्ड एसटीच्या टपावर बांधून आम्ही निघालो.

ओढ्यापाशी पोचलो तर तिथे घागरींची रांग लागलेली. बोर्डाशेजारी टँकर उभा आणि त्याच्या पाइपातून गावच्या हौदात पाणी पडत होतं. टँकर आमच्या जिल्ह्याचा नव्हता. मी ड्रायव्हरला विचारलं, "तुम्ही पलीकडचे ना? इकडं कसे?"

ड्रायव्हरनं हौदाशी उभ्या असलेल्या गावच्या सरपंचांकडे बघितलं. सरपंच माझ्याकडे बघून हसले. "साहेब, ह्या बोर्डामुळं."

मग मला सगळं कळलं. ड्रायव्हर पलीकडच्या गावाचा हौद भरायचा. भरून थोडं पाणी टाकीत उरायचं. ते दुसऱ्या जिल्ह्यात टाकायला त्याला सक्त मनाई होती, म्हणून आधी तो ते ओढ्याच्या वाळूत सोडून परत जायचा. मग एक दिवस त्यानं बघितलं की अलीकडच्या बोर्डावर जिल्हाच नाही.

"मनाई दुसऱ्या जिल्ह्यात टाकायची हाय," ड्रायव्हर म्हणाला. "ह्या गावाला जिल्हाच न्हाई, तर मनाई कुठली?"

"तुमच्या गावाला कमी पडतं का?" मी विचारलं, कारण हे विचारायला हवं होतं.

"त्यांचा हौद आधी काठोकाठ भरतो. विचारा पाहिजे तर. हे वाळूत जायचं, आता घागरीत जातंय. माझं काय गेलं?"

सरपंच मास्तरांच्या पाया पडायचेच बाकी होते. "पेंटर, तुमी आला न्हाईत म्हणून आमी जगलो बघा. आता येऊ नका म्हणजे झालं!" रांगेतल्या बाया हसल्या. मग त्यांची नजर आमच्या हातातल्या नव्या बोर्डावर गेली, आणि हसणं थांबलं.

मास्तर मात्र कुणाचंच ऐकत नव्हते. ते जुन्या बोर्डासमोर उभे होते. महिनाभराच्या उन्हानं तो पट्टा फिका पडला होता, त्यावर ओढ्याची धूळ बसली होती, येता-जाता पोरांच्या ओल्या हातांचे ठसे वाळले होते. आणि आतून, अगदी पुसट, झाकलेलं नाव परत वर येत होतं. वाचता येत नव्हतं. पण आत काहीतरी आहे हे दिसत होतं. मास्तर खाली दगडावर बसले. मी खूप वेळा त्यांना बघत बसलेलं बघितलंय, पण तसं नाही.

"हेच न्यायला आलो होतो," ते हळूच म्हणाले.

"न्यायला?" सरपंच म्हणाले. "आणि आमाला पाणी काय तुमचा मुंबईवाला धाडणार का?"

मी मनात हिशेब मांडत होतो. बोर्ड नेला तर मास्तरांची मुंबई होते, साहेबांचा दौरा नीट होतो, आणि हे पाणी वाळूत जातं. नाही नेला तर पाणी राहतं, आणि बाकी दोन्ही जातं. बराच वेळ गेला. टँकर रिकामा झाला, ड्रायव्हरनं पाइप गुंडाळला आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "उद्या येऊ का नको, तेवढं सांगा बाबा."

मास्तर उठले. "येत जा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मुन्शी, नवा बोर्ड गावाच्या त्या अंगाला लावू. अहमदपूरकडं. साहेब तिकडूनच येतील की."

"एका गावाला एकच बोर्ड मंजूर आहे. दोन ठेवता येत नाहीत."

"मग हा बोर्ड न्हाई ठेवायचा."

त्यांनी पिशवीतून पिवळ्याचा डबा काढला, त्यात टर्पेंटाइन घातलं आणि तालुक्याचं नाव झाकलं. मग त्यावरचं गावाचं नाव. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अवो आमचं गाव पुसू नका ओ!" सरपंच म्हणाले, "राहू दे काकू. गाव तिकडच्या बोर्डावर हाय. हिकडं पाणी येऊ दे." मास्तर दुपारपर्यंत काम करत होते. कुठे जाड हात, कुठे पातळ, कुठे नुसताच फडका फिरवलेला. शेवटी त्या पत्र्यावर एकही अक्षर उरलं नाही. ज्या पत्र्यावर एकही अक्षर नाही त्याला बोर्ड म्हणता येत नाही, हे मलाही पटलं, आणि मी तसाच अहवाल दिला.

साहेबांचा दौरा आठवडाभरात झाला. अहमदपूरच्या बाजूचा बोर्ड बघून साहेबांनी मान हलवली. बंधाऱ्याचं काम बघितलं. तिथून परत फिरतील असं मला वाटलं होतं, पण ते चालत ओढ्याकडे निघाले. ओढ्याकाठी दोन खांबांवर तो पत्रा, शेजारी टँकरची वाट बघणारी घागरींची रांग. मास्तर मला न सांगता आधीच येऊन पोचले होते आणि बाभळीमागे उभे होते.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"चित्र हाय साहेब," सरपंच म्हणाले.

"कशाचं?"

सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. मी बाभळीकडे बघितलं. तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढे आली. "असं उन्हातून न्हाई दिसायचं, साहेब. हितं सावलीत या. हितनं बघा."

साहेब खरंच सावलीत गेले. बाईनं त्यांना आणखी एक पाऊल मागे घ्यायला लावलं. "हां. आता बघा. डोळं बारीक न्हाई करायचं."

आणि नेमका त्याच वेळी पलीकडून टँकर आला. ड्रायव्हरनं आमची जीप बघितली आणि ओढ्याच्या मधोमध गाडी थांबवली. साहेबांनी टँकरकडे बघितलं, टँकरवरचं जिल्ह्याचं नाव वाचलं, मग हौदाकडे बघितलं, मग घागरींच्या रांगेकडे. मला जवळ बोलावलं.

"यांच्या पाण्यानं कुणाचं पाणी कमी होतं का?"

"नाही साहेब. मी पलीकडे जाऊन बघून आलोय. त्यांचा हौद आधी भरतो. हे उरलेलं आहे, एरवी वाळूत जातं."

"बरं," साहेब म्हणाले. "मग मी चित्र बघतोय."

त्यांनी टँकरकडे पाठ केली, हात मागे बांधले आणि पत्र्याकडे बघत उभे राहिले. ड्रायव्हरनं गाडी वर घेतली. पाइप सोडला. घागरी भरल्या, हौद भरला, पाइप गुंडाळला, टँकर गेला. तोवर साहेबांनी मान वळवली नाही. शेवटी वळले तेव्हा म्हणाले, "डावीकडे खाली काहीतरी वर येतंय का?" त्या बाईनं लगेच सांगितलं, "येतंय की. रोज थोडं थोडं येतंय."

परतीच्या वाटेवर मास्तर मला बोलूच देत नव्हते. "टँकर रिकामा होईस्तोवर, मुन्शी! पूर्ण टँकर! मुंबईत एवढा वेळ कुणी कुणाचं चित्र बघत असंल का?" मी म्हणालो, त्यांना टँकर बघायचा नव्हता म्हणून बघितलं. "कामून बघितलं ते सोडा," ते म्हणाले. "डावीकडचं बरोबर दिसलं त्याला."

पण मुंबईला पाठवायला आता हातात काही नव्हतं, आणि दिवस थोडे उरले होते. मास्तरांनी खोलीत मोठा कॅनव्हास उभा केला आणि आधी त्यावर लिहायचं, मग झाकायचं असं ठरवलं. काय लिहायचं ते मात्र सुचेना. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "वहिनी, काय लिहू?"

ती तूरडाळ निवडत होती. "लिहा, डाळ संपत आलीय."

"लिहिलं. अजून?"

"गूळ. आणि तुमच्या मुन्शीला म्हणावं, रॉकेलच्या रांगेत येळेवर जात जा."

"ते समदं लिहू?"

"लिहा की. न्हाई तर कोण ऐकतंय माझं इथं."

त्यांनी सगळं लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि मग त्यावर फिका निळा चढवायला लागले. अक्षरं अर्धी बुडाली की थांबायचे, बघायचे, परत चढवायचे. ते चित्र मुंबईला गेलं आणि परत आलं नाही. विकलं गेलं. पुढे मास्तरांचं नाव झालं ते याच पद्धतीच्या चित्रांमुळे. लिहायचं आणि झाकायचं. त्यावर मोठमोठे लेख आले. ते डाळ-गुळाचं चित्र कुठे प्रदर्शनात लागलं की माझी बायको कुणालाही सांगते, "उजव्या कोपऱ्यात खाली रॉकेल हाय." लोक वाकून बघतात.

मास्तरांना विचारलं तर ते चित्र दुसऱ्या नंबरचं. पहिल्या नंबरचं ओढ्याकाठी होतं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. ओढा वाहिला, विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाले. सरपंचांनी निरोप धाडला, "पेंटरला म्हणावं, आता खुशाल न्या तुमचा पत्रा. आमचं काम झालं." मास्तरांनी त्याच दिवशी गोणपाट आणि दोरी आणली. मीही सुट्टी काढली, कारण पत्रा दोघांशिवाय उचलत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बोर्डासमोर बाभळीखाली कुणीतरी दोन लांब दगड आणून बाकासारखे टाकले होते. त्यावर तीन म्हातारे बसलेले होते, आणि ते ओढ्याकडे नाही, पत्र्याकडे तोंड करून बसले होते. पाऊस खाऊन त्या पिवळ्याला आता एक राखी छटा आली होती. सरपंच घरून पळत आले. आमच्या हातातलं गोणपाट बघून त्यांचा चेहरा पडला.

"न्या म्हणलो होतो खरं," ते म्हणाले. "पण पेंटर, काय हाय... मी खांबाला हात लावला तर ह्या लोकांनी मला पत्रा काढू दिला न्हाई. हितं दुसरं काय हाय बघायला?"

"काय बघता तुमी त्याच्यात?" मास्तरांनी म्हाताऱ्यांना विचारलं.

"बघतो," त्यातला एक म्हणाला. "कालच्यापरीस आज येगळं असतंय."

दुसरा म्हणाला, "तुमी रंग द्याया आलाव का? नका देऊ बाबा."

मास्तर त्यांच्या शेजारी दगडावर बसले. म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली. मी उभाच होतो, दोरी हातात घेऊन. उजेड कमी होत गेला तसा पत्रा उजळत गेला, हे मीही बघितलं आणि ते खरं आहे. शेवटची एसटी चुकेल म्हणून मीच त्यांना उठवलं.

बसमध्ये कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला. मांडीवरचं रिकामं गोणपाट आणि दोरीचं वेटोळं बघून त्यानं विचारलं, "सामान कुठंय तुमचं? टपावर टाकलं का?"

"न्हाई," मास्तर म्हणाले. त्यांच्या दाढीत त्या दिवशी कुठलाच रंग नव्हता आणि ते पोराचं लग्न ठरल्यासारखे हसत होते. "ठेवून घेतलं त्यांनी."